सरळ टाका

३ मार्च, सोमवार

चष्मेवाल्याने कोपऱ्यावरचा गाळा सोडला! दोन बाजूंनी काच, आत पोटमाळा, दुपारभर उजेड. आणि मला हे कळलं कसं? तर धाकटी जाऊ त्या काचेला नाक लावून आत बघत होती, ते माझ्या दुकानातून दिसलं म्हणून. हातातली पँट तशीच टाकली आणि मालकांच्या ऑफिसात धावले. तर ते म्हणतात, 'अहो, तुमच्या जाऊबाई सकाळीच येऊन गेल्या.'

सकाळीच! दहाच्या आत कधी अंथरुणातून उठली नाही बया. माझ्याबरोबर काम करत होती तेव्हा रोज शटर मीच वर करायची.

मालक तर काय, मोठे न्यायाधीश. म्हणे महिनाअखेरीला ठरवू. 'मला गिऱ्हाईक असलेलं दुकान हवंय. कोपऱ्यावरचं दुकान रिकामं दिसलं की सगळ्या इमारतीला अवकळा येते.' असं म्हणून माझ्याकडे बघितलं. मुद्दाम बघितलं!

तो गाळा मला पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजे. आयुष्यभर लोकांच्या पँटी तोकड्या केल्या, चेनी बदलल्या, तुटकी बटणं लावली. आता अख्खा कोट बेतून, कापून, शिवून काचेत टांगायचाय – रस्त्याने जाणाऱ्याने मान वळवून बघितलं पाहिजे! वर पाटी, पाटीवर माझं नाव. 'दुरुस्ती केली जाईल' हे शब्द त्या पाटीवर नकोत.

ह्यांना सांगितलं. 'बघ, झेपत असेल तर,' म्हणाले. ह्यांना भूकंप झाला म्हणून सांगितलं तरी हेच म्हणतील.

४ मार्च, मंगळवार

धाकटीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आज लिहिल्याशिवाय घास उतरणार नाही.

दुकान मुळात सासूबाईंचं. आम्हा दोघी जावांना त्यांनीच हाताला धरून शिकवलं. मग त्यांचा खुबा मोडला, त्या घरी पलंगावर आल्या आणि मशीनवर आम्ही दोघी. बरं चाललं होतं. मग हिच्या डोक्यात फोनचं खूळ शिरलं. कापड टेबलावर, फोन स्टँडवर, आणि ही त्याच्याकडे बघून हसतेय! 'मैत्रिणींनो, आज आपण...' मी म्हटलं, एक तर मशीन चालव नाहीतर फोन चालव. तर दुसऱ्या दिवशी तिने मशीन उचललं आणि रस्त्यापलीकडच्या जिन्याखालच्या खोलीत नेऊन ठेवलं. भाऊजी टेम्पो घेऊन हजर! म्हणजे नवरा-बायकोचं आधीच ठरलेलं. तेव्हापासून बोलणं बंद.

तिच्या पेजचं नाव 'जुन्याचं नवं'. लोकांनी जुने कपडे आणून द्यायचे, ही त्यातून भलतंच काहीतरी करणार. आजोबांच्या कोटाचं नातवाला जाकीट. आईच्या पडद्याची पिशवी. मागे गाणं लावायचं, आणि कपडा हातात घेऊन जरा वेळ गप्प राहायचं. की लागले लोक रडायला! शिलाई कुणी बघतच नाही.

मी बघितली ना आज. शेजारच्या केशकर्तनालयातल्या मुलाच्या फोनवर. शी!

६ मार्च, गुरुवार

मोबाईलवाल्याकडे गेले. म्हटलं, मला त्या पेजवर लिहायचंय, पण नाव नको. तो म्हणाला, 'काकू, कुठलंही नाव टाका, विचारतंय कोण?' दोन मिनिटांत करून दिलं. नाव काय ठेवू? मी म्हटलं, सरळ टाका. तो हसला. त्याला काय कळतंय! वाकडा टाका म्हणजे काय ते त्याच्या शर्टाच्या खिशाला बघितलं की दिसतं.

लिहायचं कसं, पाठवायचं कसं ते शिकून घेतलं. बाकी शिकायचं नाही मला. माझं काम तेवढंच आहे.

८ मार्च, शनिवार

पहिला वार केला! तिच्या त्या आजोबांच्या जाकिटाखाली लिहिलं: 'मुंढ्यात बाही ओढली गेली आहे. मुलाने हात वर केला की खांद्यापाशी चुण्या पडणार. जिला बाही बसवता येत नाही तिने पिशव्याच शिवाव्यात.'

काय बरं वाटलं म्हणून सांगू! सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

९ मार्च, रविवार

उत्तर आलं. 'बरोबर बोललात. बाही उसवून पुन्हा बसवली आहे. नजर तेज आहे तुमची. जीभही! येत राहा.'

जीभही म्हणे! आणि खाली कोण कुठली बाई लिहिते, 'किती नम्र आहे ही ताई.' नम्र? दाराशी टेम्पो उभा करून मशीन उचलून नेणारी ही नम्र?

आणि इतकं ठसक्यात बोलायला ही शिकली कधी? माझ्यासमोर तर 'हो ताई', 'नाही ताई' यापलीकडे तोंड उघडत नव्हतं.

११ मार्च, मंगळवार

आज तीन ठिकाणी लिहिलं. चौकडी जुळलेली नाही – पाठीला एक रेघ वर, एक खाली. काजं हाताने केलीत म्हणते, मग ती उंदराने कुरतडल्यासारखी का दिसतात? गळा खोल गेलाय. आणि शेवटी: 'कपडा बघून रडण्यापेक्षा कपडा बघून शिवा.'

हे शेवटचं मला फार आवडलं. चहा करताना दोनदा स्वतःशीच म्हटलं. आतून सासूबाई ओरडल्या, 'कुणाशी बोलतेस गं?' म्हटलं, चहाशी. 'मग त्याला म्हणावं साखर जास्त घाल,' म्हणाल्या. ह्या घरात माणसाने एकटं म्हणून असू नये.

१२ मार्च, बुधवार

नव्या व्हिडिओत अस्तर लावतेय. कोरं अस्तर घडीवरून काढलं आणि सरळ लावलं. भिजवलं नाही, वाळवलं नाही, काही नाही! आम्हाला पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी हेच शिकवलेलं – अस्तर आधी भिजवून वाळवून घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात आकसतं आणि वरचा कपडा गोळा होतो. विसरली! फोनकडे बघून हसता हसता विसरली.

लिहिलं: 'हे अस्तर आकसणार. गिऱ्हाईक रडत येणार. तेव्हाही गाणं लावा.'

उत्तर: 'तुमच्या तोंडात साखर पडो असं कसं म्हणू? बघू या.'

डोंबल बघू या!

१४ मार्च, शुक्रवार

दुकानात आज एक पँट आणि एक उशीचा अभ्रा. अभ्रा!

पलीकडे जिन्याखाली बायका उभ्या. दोघी तर पायरीवर बसल्या होत्या, कपड्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन. ती आतून त्यांना चहा देत होती. मला बघायचं नव्हतं, पण माझं मशीन त्याच दिशेला तोंड करून आहे, मी काय करू? उद्या मशीन फिरवून घेते.

१५ मार्च, शनिवार

मशीन फिरवलं. उजेड पाठीमागून यायला लागला. सुईत दोरा दिसेना. पुन्हा होतं तसं ठेवलं.

१७ मार्च, सोमवार

कुणी बाई लिहिते, 'मी तर कपडे बघायला येतच नाही, सरळ टाका आणि जुन्याचं नवं यांची जुगलबंदी वाचायला येते.' तिच्याखाली कितीतरी जणी, 'मी पण', 'मी पण'.

मला माणसं ओळखतात! म्हणजे मला नाही, पण मलाच. अंगावर जरा मूठभर मांस चढलं.

पण जुगलबंदी म्हणे! अगं बायांनो, मी तिचं दुकान बंद पाडायला बसलेय. तमाशा नाही हा.

घरी आले तर बेसिनपाशी चहाचे दोन कप. सासूबाईंना म्हटलं, कोण आलं होतं? 'मीच दोनदा प्यायले.' वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत यायचं म्हटलं की ह्यांचे गुडघे, कंबर, खुबा सगळं दुखतं. चहाला बरं दुखत नाही! बाकी दिवसभर फोन छातीवर. मालिका बघत असतील. हसत असतात एकट्या.

२० मार्च, गुरुवार

आकसलं!! अस्तर आकसलं!

गिऱ्हाइकाने स्वतः फोटो टाकला. जाकीट खालून असं गोळा झालंय, जसं काही तोंड बांधलेलं पोतं. मी फोटो मोठा करकरून बघितला. ह्यांना दाखवला. 'वा,' म्हणाले. वा काय वा? अहो, मी म्हटलं होतं! आठ दिवसांपूर्वी मी लिहिलं होतं!

मग लिहायला बसले. हात शिवशिवत होते. 'सांगितलं होतं. ऐकलं नाही. ज्यांना शिलाईतलं ओ की ठो कळत नाही त्यांनी लोकांच्या आठवणींशी खेळू नये. आपले कपडे परत मागून घ्या, बायांनो. ही बाई एकेकाचं वाटोळं करेल.'

आता बघते गाळा कुणाला मिळतो ते.

२१ मार्च, शुक्रवार

काय म्हणावं! पेजवर तिने लिहिलंय: 'चूक आमची. सरळ टाका ताईंनी आधीच सावध केलं होतं, आम्ही ऐकलं नाही. अस्तर बदलून देत आहोत. यापुढे प्रत्येक अस्तर भिजवूनच लागेल.' आणि त्या गिऱ्हाईक बाईने खाली बदाम टाकलाय! बदाम! जाकिटाचं पोतं झालं तरी बदाम! शंभर जणी लिहितात, 'चूक कबूल करणारं दुकान', 'आता तर इथेच देणार कपडे'.

तडक मोबाईलवाल्याकडे. म्हटलं, हे काय आहे? मी शिव्या देतेय आणि तिची गिऱ्हाइकं वाढतायत! तो खो खो हसला. 'काकू, तुम्ही लिहिता, ती उत्तर देते, लोक वाचायला थांबतात. जितकं भांडण तितकं पेज वर. शिव्या काय नि ओव्या काय, फोनला कुठे कळतंय? तुम्ही तर फुकटात जाहिरात करताय त्यांची.'

फुकटात. जाहिरात. मी.

घरी येताना रस्त्यात मोठ्याने 'गाढव' म्हणाले. एक सायकलवाला दचकला. त्याला नाही म्हटलं, मलाच म्हटलं.

२२ मार्च, शनिवार

एक अक्षर लिहायचं नाही.

२३ मार्च, रविवार

नाही लिहिलं. तिने कोटाच्या खिशाची झडप उलटी लावली होती. उलटी!

२४ मार्च, सोमवार

बायका विचारायला लागल्या. 'सरळ टाका ताई कुठे आहेत?' 'बऱ्या आहेत ना?' 'त्यांच्याशिवाय मजा नाही.' एकीने तर लिहिलं, मी ताईंचं वाचून माझ्या मुलीचा फ्रॉक स्वतः उसवून नीट केला.

दुकानात बसून वाचत होते. समोर एकही गिऱ्हाईक नाही, आणि फोनमध्ये माझी वाट बघणाऱ्या इतक्या बायका! हसू की रडू? रडले थोडं. धूळ गेली म्हणून डोळे पुसले – कुणासाठी सोंग केलं कोण जाणे, दुकानात मी एकटीच होते.

२५ मार्च, मंगळवार

आज तिने डिवचलंच. 'सरळ टाका ताई, रुसलात? आमच्या चुका मोजल्यात, आता तुमचंही काम दाखवा की कधीतरी. की नुसतं तोंडच चालतं?'

नुसतं तोंड!!

मला! मला म्हणते! मी मशीनवर बसले तेव्हा हिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ओवून मी द्यायचे. धावदोरा मी शिकवला, हेम मी शिकवली, चुकली की सासूबाईंची बोलणी माझ्या नावावर मी घेतली. आणि आज चार टाळ्या मिळाल्या तर नुसतं तोंड?

थांब. दाखवतेच.

२६ मार्च, बुधवार

दाखवलं.

दुपारी शटर अर्धं खाली घेतलं. फोन दोऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवला, फक्त हात दिसतील असा. अंगठी काढून ठेवली. तोंड नाही, आवाज नाही, दुकानाची भिंतसुद्धा नाही. मग कॉलर उलटवली.

आता हे कुणी करतच नाही. शर्ट चांगला असतो, कॉलर तेवढी मानेपाशी घासून फाटते. लोक शर्टच टाकून देतात. कॉलर टाका न् टाका उसवायची, कापडाला धक्का न लावता. उलटी फिरवायची – फाटकी बाजू खाली, कोरी वर. पुन्हा जिथल्या तिथे बसवायची. एक सूत इकडेतिकडे झालं की कॉलरचं टोक मान वाकडी करून बघतं. माझं नाही बघत.

शर्ट ह्यांचा होता. ह्यांना अजून पत्ता नाही.

बोलले काही नाही; व्हिडिओ मोबाईलवाल्याकडून चढवून घेतला आणि खाली एवढंच लिहिलं: 'हे घ्या तोंड.'

२७ मार्च, गुरुवार

बाई गं!

मोजवत नाहीत इतक्या माणसांनी बघितलं. 'हे हात कुणाचे आहेत?' 'माझ्या वडिलांचे शर्ट आहेत, ताई, पत्ता द्या.' 'दुकान कुठे?' 'कितीही लांब असेल तरी येते.' दुसऱ्या गावाहून एक माणूस – कॉलरवाले शर्ट पिशवी भरून आहेत म्हणे, कुठे पाठवू?

पत्ता द्या. पत्ता द्या. पत्ता द्या.

आणि मी काय लिहू? 'जुन्याचं नवं'च्या समोर, रस्ता ओलांडून, तिची थोरली जाऊ? जी तीन आठवडे तिला उंदीर म्हणतेय, पिशव्याच शिव म्हणतेय, वाटोळं करणारी म्हणतेय? लोक थुंकतील तोंडावर. मालक तर गाळा सोडाच, आहे ते दुकानही काढून घेतील.

जे हवं होतं ते दाराशी आलंय आणि मीच दाराला आतून कडी घातलीय. चांगलं डोकं चालवलं!

२८ मार्च, शुक्रवार

आज कहर झाला. एक बाई दुकानात आली. चांगली नीटनेटकी. पिशवीतून निळा शर्ट काढला आणि म्हणाली, 'कॉलर उलटवून मिळेल का? ती फोनवर सरळ टाका म्हणून आहे ना, तिने दाखवलंय तशी.'

मी म्हटलं, मिळेल.

'तशीच जमेल? तिचा हात फार सफाईदार आहे हो.'

म्हटलं, जमेल.

'नाही, राग मानू नका, पण सगळ्यांना नाही जमत. तुम्ही तिचा व्हिडिओ एकदा बघून घ्या.' आणि स्वतःचा फोन काढून माझ्यापुढे धरला. माझेच हात! माझीच कात्री! मी उभी राहून अख्खा बघितला. मध्ये ती म्हणते, 'बघितलंत? टोक कसं काढलंय.' मी म्हटलं, बघितलं.

मग शर्ट पुन्हा पिशवीत घातला. 'विचार करून येते.' गेली. रस्ता ओलांडून जिन्याखाली गेली!

मशीनवर डोकं टेकून बसले. मग उठले आणि अभ्र्याची शिवण उसवून पुन्हा घातली, काही कारण नसताना.

शटर खाली करताना धाकटी समोरून आली. मी तोंड फिरवणार तर ती हसली. माझ्याकडे बघून! तोंडभर! इतक्या दिवसांत नाही ती आजच बरी हसली. तिचं गिऱ्हाईक माझ्या दारातून तिच्याकडे गेलं, त्याचं हसू. गालावर दोन द्याव्यात असं वाटलं.

२९ मार्च, शनिवार

भाऊजी आले होते. धाकटीने पाठवलंय म्हणत एक डबी पुढे केली. टेलरच्या खडूची, नवीकोरी, चारही रंगांची. 'ताईंना द्या म्हणाली.' म्हणजे काय? म्हणजे आता तुम्ही नुसत्या रेघा मारत बसा, गाळा माझा झाला – हेच ना? मी डबी तशीच परत दिली. म्हटलं, तिला सांगा, माझ्याकडे खडू आहे. भाऊजी बिचारे गोंधळले. ते बिचारे वगैरे काही नाहीत, टेम्पो त्यांनीच आणला होता.

रात्रीच्या जेवणाचं ताट सासूबाईंपुढे ठेवलं तर फोनवरून डोळे न काढता म्हणाल्या, 'आता जीभ आवर गं. काम झालंय तुझं.'

म्हटलं, कसलं काम? अहो आई, दुकानात दोन दिवसांत एक अभ्रा आलाय.

'काच पुसून घ्यायला लाग,' म्हणाल्या. कुठली काच, कसली काच! खुब्याबरोबर हल्ली डोकंही हललंय की काय. मीठ मागितलं, ते दिलं.

३० मार्च, रविवार

ठरवलं. उद्या मालकांकडे जायचं आणि सांगून टाकायचं – सरळ टाका मी आहे. फोन पुढे धरायचा. हे बघा किती लोक पत्ता मागतायत. गिऱ्हाईक पाहिजे होतं ना तुम्हाला? हे घ्या! ती असली समोर तर आणखी बरं. तिच्या त्या साळसूद उत्तरांचा पाढाही वाचते सगळ्यांदेखत. लोक थुंकले तर थुंकू देत. चुका तिच्या होत्या, मी फक्त दाखवल्या. एकतरी खोटी होती का? एकही नाही.

चांगली साडी काढून ठेवली. ह्यांनी विचारलं, कुठे? म्हटलं, लढाईला. 'बघ, झेपत असेल तर.'

३१ मार्च, सोमवार

तोंड उघडायच्या आतच मालकांनी चावी पुढे केली. 'गाळा तुमचा. तुमच्या जाऊबाई परवा येऊन आपलं नाव मागे घेऊन गेल्या. म्हणाल्या, ताईंनाच द्या.'

खाली जिन्यात ती उभी होती. माझे हात धरले. 'कॉलरच्या व्हिडिओत हात बघितले आणि ओळखलं, ताई. सरळ टाका तुम्ही! भांडण झालेलं असताना रोज मला शिकवत होतात. बाही अशी बसव, अस्तर भिजवून घे, चौकडी जुळव... मी नाही वाचत हो खाली लोक काय लिहितात ते. सुरुवातीला कुणीतरी वाईट लिहिलं, दोन दिवस जेवले नव्हते. तेव्हापासून ते सगळं आईच बघतात. उत्तरंही त्याच देतात. दुपारी मी त्यांच्याकडे गेले की तुमचं वाचून दाखवायच्या. किती मायेनं सांगितलंय तुम्ही!'

सासूबाई! पलंगावरून! उंदीर, वाटोळं, सगळं गाळून!

धाकटी रडत होती. खरं रडत होती, गाणं नव्हतं काही. माझ्या मुठीत चावी. मी म्हटलं, बरं बरं, पूस डोळे.

'आज दुकान बंद ठेवलंय,' ती म्हणाली. 'घरी बसून तुमचं सगळं स्वतः वाचणार आहे. पहिल्यापासून.'

लिहिलेलं पुसतात कसं ते विचारायला मोबाईलवाल्याकडे धावत गेले. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं.